बांगड्या भरल्या म्हणजे हात थांबतात काय?

गेल्या आषाढात लोणावळ्यास एका कुटुंबाच्या घरगुती पंचायतीस बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. आरोपी माझा एके काळचा विद्यार्थी. फिर्यादी त्याचे सख्खे चुलते. आणि मला बोलावणे झाले ते, मुलगा अजून आपल्या प्राध्यापकाचा शब्द मानतो म्हणून, त्यास चार शहाणपणाच्या गोष्टी सांगण्यासाठी. ‘मुलगा’ म्हणजे तिशी ओलांडलेला अविवाहित गृहस्थ. वडील निवर्तलेले, आई अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेली. एका कंपनीचे हिशेबाचे काम तो घरी बसून संगणकावर करतो, आणि आईची शुश्रूषा, स्वयंपाक, केरवारे, धुणेभांडी हे सर्व स्वतःच्या हातांनी करतो. त्याचा अपराध एवढाच की, दार लावून घेतले म्हणजे तो घरात साडी नेसतो, हातांत काचेच्या बांगड्या घालतो, आणि त्याच वेषात ही सारी कामे उरकतो.

चुलते एके दिवशी न कळवता आले. घंटा वाजवून पंधरा मिनिटे ते पावसात उभे राहिले. दार उघडले तेव्हा पुतण्याच्या अंगावर सदरा-पायजमा होता. पण गडबडीत बांगड्या मात्र हातांतच राहून गेल्या होत्या. आत शेगडीवर दूध उतू गेले होते आणि आई ओल्या चादरीवर पडून होती. हा सारा पुरावा डोळ्यांनी पाहिल्यावर चुलत्यांनी निकाल देऊन टाकला. ते मला म्हणाले, “सर, बांगड्या भरून बसलेल्याच्या हातून संसार होत नसतो. वहिनींना मी माझ्याकडे नेतो आणि ह्या घराचा कारभारही मीच पाहतो. तुम्ही फक्त ह्याला समजवा.”

प्रस्तुत लेख हे त्या चुलत्यांस उत्तर आहे. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण त्यांच्यासारखे चुलते आपल्या समाजात घरोघर आहेत, आणि खरे सांगावयाचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातच मोडत होतो. गृहस्थ दुष्ट नव्हेत. भावजयीविषयी त्यांस खरी काळजी आहे. म्हणूनच त्यांचा पक्ष थट्टेवारी न नेता तो नीट मांडला पाहिजे, आणि मग तपासला पाहिजे.

त्यांच्या म्हणण्याचे तीन भाग पडतात. पहिला असा की, स्त्रियांचा वेष हातापायांस अडचणीचा. तो अंगावर असता काम नीट होत नाही. दुसरा असा की, वेषाचा परिणाम मनावर होतो; पुरुषाने स्त्रीवेष धारण केला म्हणजे त्याचे मन हळवे, आरशात रमणारे आणि कर्तव्यास नालायक होते. तिसरा असा की, उद्या ही गोष्ट लोकांत पसरली म्हणजे नोकरी, प्रतिष्ठा आणि शेजार ही तिन्ही जातील, आणि ती गेल्यावर काम कोठले? ह्या तीन मुद्द्यांचा क्रमाने विचार करू.

पंचायतीच्या दिवशी मी पुण्याहून लोकलने लोणावळ्यास निघालो होतो. वडगाव सुटल्यापासून कान्हे, कामशेत, मळवलीपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांस भाताची लावणी चालू होती. मावळची लावणी ज्याने पाहिली आहे त्यास तिचे वर्णन नको. ज्याने पाहिली नाही त्यास एवढेच सांगतो की, घोटाभर चिखलात, कमरेत वाकून, पाठीवर आषाढाचा पाऊस घेत, दिवस बुडेपर्यंत मागे मागे सरकत रोपे खोचावयाची असतात. ज्या इंद्रायणी तांदळाचा वास पुण्यामुंबईच्या जेवणघरांत दरवळतो, ती जात वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली बाहेर पडली. पण केंद्रातून निघालेले बी शेतात उभे राहते ते ह्या वाकलेल्या पाठींच्या जोरावर. आणि ह्या पाठी बहुतांशी बायकांच्या असतात.

आता त्यांच्या अंगावर काय असते ते पहा. खाली घट्ट कास्टा घातलेले लुगडे, आणि वर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, लांब बाह्यांचा सदरा! कोपरापर्यंत चिखल लागू नये, पात्यांनी हात कापू नयेत, ऊन-पाऊस थेट अंगावर येऊ नये, म्हणून पुरुषाचा कपडा त्या सहज चढवितात. मावळातच नव्हे, तर अवघ्या महाराष्ट्राच्या शेतांत आणि रस्त्यांच्या कामांवर हा वेष रोज दिसतो. हे विरुद्धलिंगी वेषधारण नव्हे तर काय? परंतु त्यावर आजवर कोणी पंचायत भरविल्याचे ऐकिवात नाही. कारण तेथे प्रश्न सरळ असतो: हा कपडा ह्या कामास सोयीचा आहे की नाही? सोयीचा आहे, झाले.

तोच सरळ प्रश्न माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत विचारला तर उत्तर काय येते? काही कामांस साडी गैरसोयीची आहे, हे मी मोकळेपणी कबूल करतो. गॅसच्या शेगडीपाशी सुटा पदर धोक्याचा. यंत्राच्या पट्ट्यापाशी तर तो प्राणघातकच. ओल्या मोरीत घोळदार सहावारी पायांत येते. पण हा दोष त्या वस्त्राचा झाला. नेसणाराच्या पुरुषपणाचा त्याच्याशी काय संबंध? पायांत येणारी साडी बाईच्याही पायांत येते, आणि शेगडीवर पेटणारा पदर नेसणारा पुरुष की स्त्री, हे पाहून पेटत नाही. आमच्या आज्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी नऊवारी लुगड्याचा काचा मारला, पदर कमरेस खोचला, आणि दळण-कांडणापासून नदीवरच्या धुण्यापर्यंत सर्व कामे त्यात केली. काचा मारलेले लुगडे आणि पुरुषाचे धोतर ह्यांची ठेवण मुळात एकच: दोन्ही न शिवलेली, दोन्ही पायांमधून मागे खोचलेली. विद्यार्थ्यानेच मला सांगितले की, प्रथम तो सहावारी नेसे. एकदा मोरीत घसरून पडला. तेव्हापासून कामाच्या वेळी नऊवारी नेसतो. ती नेसावयास कोणी शिकविली, असे मी विचारले. तो म्हणाला, “आईने, सर. अंथरुणावरून. एकेक निरी सांगून.”

हे उत्तर ऐकून चुलत्यांची मुद्रा कशी झाली, ते मी लिहीत नाही. पण येथे पहिला मुद्दा निकालात निघाला असे मी समजतो.

आता दुसरा मुद्दा. वेषाचा मनावर परिणाम होतो, हे तत्त्व मी नाकारीत नाही. सोवळे नेसल्यावर स्वयंपाकघरातली चाल बदलते. काळा झगा चढविल्यावर वकिलाचा आवाज बदलतो. अमेरिकेत २०१२ साली दोन संशोधकांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला की, डॉक्टरांचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट घातल्यावर माणसाची एकाग्रता वाढते, आणि तोच कोट चित्रकाराचा म्हणून दिला तर वाढत नाही. पुढे २०१९ साली दुसऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा काळजीपूर्वक करून पाहिला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. तेव्हा ह्या बाबतीत शास्त्राच्या नावावर फार गर्जना करण्यात अर्थ नाही. ना चुलत्यांनी करावी, ना मी. पण महाराष्ट्राजवळ स्वतःचा असा एक प्रचंड प्रयोग आहे, आणि तो एका खोलीत नव्हे, शेकडो रंगमंचांवर सुमारे शंभर वर्षे चालला. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून विसाव्या शतकाची पहिली काही दशके उलटेपर्यंत मराठी रंगभूमीवरील स्त्रिया बहुधा पुरुषच होते. त्यांनी केवळ घटकाभर सोंग आणले असे नव्हे. चालणे, बसणे, पदर सावरणे ह्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. चुलत्यांचा सिद्धांत खरा असता तर ही सर्व मंडळी कर्तव्यशून्य निपजावयास हवी होती.

निपजली काय? नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, ह्यांचे एकच उदाहरण घेऊ. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. तिकिटे गेली होती, मंडळी खोळंबली होती. बालगंधर्वांनी भामिनीचा शालू नेसून प्रयोग पार पाडला. असे करावे की करू नये, ह्याविषयी मतभेद असू शकेल. पण स्त्रीवेषाने पुरुषाचे मन कर्तव्यास दुबळे होते, असे ह्या दिवसाकडे पाहून कोण म्हणेल? पुढे १९१३ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह स्वतःची नाटक मंडळी काढली. आणि ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले ह्यांच्यासह संयुक्त ‘मानापमान’ केले, तेव्हा देशकार्यास पैसा मिळवून देणारी भामिनी साडीतच होती.

चुलत्यांच्या पक्षाचा कोणी येथे म्हणेल की, ह्याच बालगंधर्वांची मंडळी कर्जात बुडाली, त्याचे काय? बुडाली खरी. पण ती उंची गालिच्यांनी, अत्तरांनी, भरजरी पोषाखांनी आणि बेहिशेबी हाताने बुडाली. शिवाय १९३१ पासून बोलपट आले. नऊवारीने कोणी कर्जबाजारी होत असते तर आपल्या आयांनी काटकसरीचे संसार कसे केले असते?

दुसरे उदाहरण कमी प्रसिद्ध, पण आपल्या प्रश्नास अधिक जवळचे आहे. दादासाहेब फाळके १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधीत होते. त्या कामास बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके त्यांस सापडले, आणि तेच तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके ह्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली, त्यानंतर ते कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून छायाचित्रणही करू लागले. स्वयंपाकी, राणी, राम, सीता, छायाचित्रकार: पाच कामे आणि दोन हात! कोणत्या वेषाने कोणते काम बिघडविले, हे कोणी दाखवून द्यावे.

आणि ज्यांस नाटक-सिनेमे हलके वाटतात त्यांनी महाभारत उघडावे. विराटाच्या घरी अर्जुन एक वर्ष स्त्रीवेषात होता. शंखाच्या बांगड्या आणि लांब वेणी घालून त्याने राजकन्येस नृत्य-गायन शिकविले. त्याच वेषात तो उत्तराचा सारथी होऊन निघाला, पळणाऱ्या उत्तरामागे धावला, तेव्हा त्याची उडती वेणी पाहून कौरवसेना हसली. मग शस्त्रे हाती घेताना त्याने बांगड्या उतरविल्या, हातांस तलत्राणे बांधली, केस कापडाने आवळले आणि लढाई जिंकली. बांगड्या का उतरविल्या? धनुष्याच्या दोरीस त्या आड येतात म्हणून. नाचाच्या तालमीत आड येत नव्हत्या, तेव्हा वर्षभर उतरविल्या नाहीत. मावळच्या बाईचा सदरा आणि अर्जुनाच्या बांगड्या ह्यांचा न्याय एकच आहे. परंतु आपले कथेकरी बुवा ती दोन घटकांची लढाई तेवढी रंगवून सांगतात. वर्षभर नेमाने चाललेली ती शिकवणी त्यांच्या हिशेबी कामच नव्हे. खरे दुखणे येथे आहे.

ते दुखणे आपल्या भाषेत किती खोल गेले आहे पहा. ‘हातांत बांगड्या भरल्या आहेत काय?’ हा प्रश्न आपण नाकर्त्या पुरुषास विचारतो. सभेत विचारतो, वर्तमानपत्रांत विचारतो, मोर्चे नेऊन अधिकाऱ्यांच्या मेजावर बांगड्यांचा आहेर ठेवतो. ह्याचा अर्थ काय? बांगड्या भरलेला हात म्हणजे काही न करणारा हात! पण महाराष्ट्रात पहाटेपासून रात्रीपर्यंत जो हात थांबत नाही, तो तर बांगड्यांचाच आहे. जात्याच्या खुंट्याला, विहिरीच्या दोराला, विळीला, लाटण्याला आणि लावणीच्या रोपाला जो हात लागला तो बांगड्यांसह लागला. ज्या भाषेने त्या हाताला आळसाचे चिन्ह ठरविले, त्या भाषेची कृतघ्नता एवढी अंगवळणी पडली आहे की आपणांस ती ऐकूही येत नाही.

त्यातही गंमत अशी की, दागिना हातांत असणे हेच जर पौरुषास बाधक, तर मळवलीस उतरून कार्ल्याच्या लेण्यापर्यंत चढून जावे. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची स्त्रीपुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. त्यांतील पुरुषांच्या डोक्यांस पागोटी आहेत, कानांत जड कुंडले आहेत आणि हातांत कडी आहेत. त्यांस नाकर्ते म्हणण्याची कोणाची छाती आहे? आजही गणपतीच्या मिरवणुकीत सोन्याचे कडे मिरविणाऱ्या तरुणास आपण कर्तबगार म्हणतो. सोन्याचे आणि जाड असले की कडे. काचेची आणि नाजूक असली की बांगडी. पहिल्याने मान वाढतो, दुसरीने अब्रू जाते. मनगटास ह्यांतला फरक कळत नसावा.

आता तिसरा मुद्दा, लोक काय म्हणतील हा. तीन मुद्द्यांत खरा बळकट एवढाच आहे, आणि तो चुलत्यांच्याच अंगावर उलटतो. त्या पंधरा मिनिटांचे मी विद्यार्थ्यास तपशीलवार विचारले. पेशाने तो हिशेबनीस; त्याने हिशेब दिला. घंटा वाजली तेव्हा तो आईची चादर बदलावयास निघाला होता, आणि शेगडीवर दूध होते. घंटा ऐकताच चादर टाकून तो आतल्या खोलीत धावला; लुगडे सोडले, चोळी काढली, सदरा-पायजमा चढविला, कपाळ पुसले, लुगडे पलंगाखाली कोंबले, पडदे पाहिले. तेवढ्यात दूध उतू गेले. आई हाक मारीत राहिली. शेवटी दार उघडले आणि हातांत बांगड्या राहिल्याच! म्हणजे, ज्या पंधरा मिनिटांचा पुरावा देऊन ‘साडीमुळे काम होत नाही’ असे चुलते सिद्ध करू पाहत होते, त्या पंधरा मिनिटांत पुतण्या साडी नेसून काम करीत नव्हता; काम सोडून साडी लपवीत होता. घंटा वाजेपर्यंत त्या घरातले एकही काम अडले नव्हते.

आणि हे एका दिवसाचे नव्हे. सिलिंडरवाला येतो, कुरिअरवाला येतो, शेजारीण वाटीभर साखर मागावयास येते. प्रत्येक घंटेस हीच धावपळ. दोरीवर वाळत घालावयाचे कपडे आत पंख्याखाली वाळवावयाचे. आणि लोणावळ्यासारख्या, वर्षास सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावी ते काय वाळणार? आईस पाठीवर वळविण्यासाठी मदतीस बाई ठेवावी, तर तीही ठेवता येत नाही. कारण ती बाहेर बोलेल. कामाची हानी होते हे खरे. परंतु ती वेषाने होत नसून भीतीने होते. ती भीती निर्माण कोण करतो? ‘लोक काय म्हणतील’ असे म्हणणारेच ते लोक होत.

ह्या भीतीस एकदा कायद्याचेही रूप मिळाले होते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याचा एक भाग, प्रथम वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब ह्यांपुरता, तृतीयपंथीयांवर रोखलेला होता. नोंदवहीत नाव असलेला असा मनुष्य स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला, किंवा रस्त्यावरून दिसावा अशा हेतूने अन्य कोठे बसलेला आढळला, तरी त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. म्हणजे खिडकीतली साडीही गुन्हा! इंग्रजी विद्येवर वाढलेल्या माझ्यासारख्याने हे विसरू नये की, आज ‘आपली संस्कृती’ म्हणून आपण जो कडकपणा मिरवितो, त्यातला बराच वाटा ह्या परक्या अमलदारांनी आपल्या पदरात टाकलेला आहे. आपल्याकडे पोतराज घागरा घालून दारी येई, यल्लम्माचा जोगत्या साडी नेसे, आणि भारुडात गावचाच गडी गौळण होई. घरची माणसे त्यास दाणे घालीत. संतांनी तर पुरुष असून गौळणीच्या आणि विरहिणीच्या तोंडून देव आळविला. ह्याचा अर्थ आपण फार उदार होतो असा मी काढीत नाही. आनंद यादव ह्यांची ‘नटरंग’ कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांस ठाऊक आहे की, तमाशात नाच्या झालेल्या पैलवानास बायकी वेषाने नव्हे, तर तो वेष पाहणाऱ्या गावाच्या नजरेने उद्ध्वस्त केले. रंगमंचावर टाळी आणि रंगमंचाखाली थुंकी, ही आपली जुनीच रीत आहे.

तो परका कायदा गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, आपली लिंगओळख वेषाने, वाणीने, वागण्याने व्यक्त करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते. माझा विद्यार्थी स्वतःस काय म्हणवितो, हे मी त्यास विचारले नाही. साडी नेसणारा प्रत्येक पुरुष तृतीयपंथी असतो असे नाही. कोणी नुसता मनाच्या विसाव्यासाठी नेसतो, कोणी आपले खरे रूप तेच म्हणून नेसतो. हे ठरविण्याचा अधिकार त्याचा. मला विचारण्याचा अधिकार होता तो एवढाच: आईचे औषध वेळेवर होते का? मी पाहिले. भिंतीवर औषधांच्या वेळांचा तक्ता होता, प्रत्येक वेळेपुढे खूण होती. इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या बाईच्या पाठीस एकही व्रण नव्हता. ज्यांनी आजाऱ्याची सेवा केली आहे त्यांस ह्या एका गोष्टीची किंमत कळेल.

ह्या प्रकरणात चुलत्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी मान्य केली, आणि विद्यार्थ्यासही बजावली. उद्या विवाहाची गोष्ट निघाली, तर त्या मुलीस ही हकीकत आधी सांगितली पाहिजे. लपवून लग्न करणे ही फसवणूक होईल. आणि कोणी आरशापुढे इतका रमला की आजारी आई विसरला, तर तो दोषी खराच. पण मग दिवसभर क्रिकेट पाहत बसणारा, किंवा मोबाईलवरून मान वर न करणारा पुरुषही तितकाच दोषी, आणि त्याच्यासाठीही पंचायत भरली पाहिजे.

चुलत्यांना मी शेवटी एकच प्रश्न विचारला. त्यांची कन्या हिंजवडीस नोकरीस आहे. ती शर्ट-पँट घालून जाते, आणि तिचा फोटो ते आलेल्या-गेलेल्यास कौतुकाने दाखवितात. मलाही दाखविला होता. मी म्हणालो, “मुलीने पुरुषाचा वेष घेतला तर ती वर चढली, आणि मुलाने स्त्रीचा घेतला तर तो खाली घसरला, असे आपण मानता. म्हणजे आपल्या मनात बाईची जागा खाली आहे. साडी खालची का? तर ती वहिनींची आहे, आपल्या पत्नीची आहे, आपल्या मातोश्रींची होती. आपण पुतण्याची चीड करता असे आपणांस वाटते. पण अपमान कोणाचा होतो आहे?” चुलते काही बोलले नाहीत.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, दोन तास पंचायत चालली, चहा दोनदा झाला, आणि जिला हलवावयाचे ती बाई पलीकडच्या खोलीत जागी असून तिला कोणी काही विचारलेच नव्हते. आम्ही आत गेलो. उजवी बाजू गेलेली. बोलणे जड, पण शुद्ध. दिराकडे पाहून त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी इथेच राहणार.” मग मुलाकडे वळून, एकेक शब्द जुळवीत म्हणाल्या, “आणि तू… दार वाजलं तर वाजू दे. आधी चादर बदल.”

ह्या दोन वाक्यांत माझ्या सर्व लेखाचे सार आहे. चुलते ‘लोक हसतील’ असे म्हणतच परत गेले; पण एकटे गेले. आई लोणावळ्यासच आहे. परवा विद्यार्थ्याचा फोन आला. पाठीस तेल लावण्यासाठी एक बाई ठेवली आहे, असे तो म्हणाला. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली, नंतर तिने त्याचा पदर पाहिला आणि तो ओला होईल म्हणून नीट खोचावयास सांगितला. ह्यापलीकडे तिने काही केले नाही, कारण तिला काम होते.

वाचकांपैकी ज्यांस अजून शंका असेल त्यांनी पुढच्या आषाढात पुण्याहून लोकल धरावी आणि कामशेतच्या आसपास खिडकीबाहेर पाहावे. नवऱ्याच्या सदऱ्याच्या बाह्या सारून चिखलात खोचलेले ते हात बांगड्यांचे आहेत. ते हात थांबले तर आपल्या पानात भात पडणार नाही. ते पाहून घरी आल्यावर, नाकर्त्या पुरुषास काय म्हणून हिणवावे ह्यासाठी त्यांनी दुसरा शब्द शोधावा.